मास्तर आणि राहिलेलं तास

मास्तर चालताना मध्येच थांबायचे आणि मागे वळून आपलीच पावलं बघायचे. कोरीटच्या वाटांवर तेव्हा घोट्याएवढा फुफाटा असायचा, त्यात पावलं स्वच्छ उमटत. मी कळशी घेऊन विहिरीवरून येत असले आणि ते समोर दिसले, की छत्रीचं टोक त्या पावलांकडे करून विचारायचे, "बघ बरं, सरळ आलो ना?"

मी मान हलवायची.

"मान नको हलवूस. बोल."

"सरळ," मी म्हणायची, तेही कळशीच्या आडून. मग ते खूश होऊन पुढे जायचे. दहा-बारा पावलांवर पुन्हा थांबायचे.

ते आमच्या घरी, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहत. मी तेव्हा मराठी चौथीत होते आणि मुलांच्या शाळेत दाराजवळ एकटी बसत होते. मास्तर त्याआधी नंदुरबारला इंग्रजी शिकवत. आबा, म्हणजे माझे वडील, एकदा कसलासा सरकारी कागद वाचून घ्यायला त्यांच्याकडे गेले होते. मास्तरांनी कागद वाचून दिला, समजावून दिला आणि वर पाणीही विचारलं. शाळेतल्या इतक्या मोठ्या माणसानं शेतकऱ्याला पाणी विचारलं, ही गोष्ट आबा येईल-जाईल त्याला सांगत. पुढे मास्तरांची नोकरी गेली, बिऱ्हाड मोडलं, तेव्हा आबा बैलगाडी घेऊन गेले आणि त्यांची ट्रंक, छत्री आणि पुस्तकं घेऊन आले.

रोज सकाळी तोंड धुतल्यावर मास्तर अंगणात उभे राहून स्वतःची परीक्षा घेत. आधी तेराचा पाढा. मग वार, तिथी, महिना. मग स्वतःचं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि शेवटी बायकोचं नाव, मोठ्यानं. ते नाव मी इथे लिहीत नाही. बायकोचं नाव असं चारचौघांत घेणारा पुरुष आमच्या गावानं पाहिला नव्हता. फुईला, म्हणजे आबांच्या विधवा बहिणीला, ते अजिबात खपायचं नाही.

"बायकोनं नाव इतलं मोठाईन कोनी लेस का? लाज नही का मास्तरले?"

"ऱ्हाऊ दे ना," आबा म्हणायचे. "त्याले तिनी याद येस. आपलं काय जास?"

परीक्षेत पास झाले की मास्तर हात जोडून सूर्याला नमस्कार करत आणि चूल पेटवायला बसत. स्वतःच्या हातचंच खात. खिचडी बहुतेक वेळा लागायची, कारण ढवळता ढवळता त्यांना एखादा शब्द आठवायचा.

शब्दांचं त्यांना वेड होतं, असं गावात म्हणत. मी ते कधी म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की बाईला जसं माहेर असतं तसं प्रत्येक शब्दाला असतं. आज तो ज्या घरात नांदतो तिथे त्याला कसं वागवतात यावरून तो कसा आहे हे ठरवू नये, त्याचं माहेर बघावं. कुणीही भेटलं की ते विचारायचे. एकदा थंडीच्या तोंडावर गावात पिंजारी आला. दरसाल यायचा, नंदुरबारचा म्हातारा मुसलमान, खांद्यावर कापूस पिंजायची मोठी धनुकली. मास्तरांनी त्याला गाठलं. "चाचा, रजई हा शब्द कुठला? त्याचं माहेर कुठलं?"

चाचानं तार टणकारली आणि म्हणाला, "मास्तरजी, रजई का मायका हमको क्या मालूम? हम तो उसको ससुराल पहुँचा देते हैं।"

मास्तर हसले, पुष्कळ हसले. हसता हसता एकदम वळले आणि खोलीत निघून गेले. फुई चाचाला म्हणाली, "त्यानी बायको माहेरले जाई बठेल शे. तू बी काय बोलस!" चाचा ओशाळला. जाताना त्यानं मास्तरांची उशी न सांगता पिंजून दिली.

मास्तरांची बायको माहेरी का गेली, ते आता सांगते. मला हे थोडं आबांकडून आणि बरंचसं मास्तरांकडून कळलं.

शाळेत डिपोटीसाहेब तपासणीला यायचे होते. मास्तरांना चार दिवस हिवताप होता, तरी ते गेले. तपासणी चालू असताना ताप डोक्यात चढला. साहेब खुर्चीत बसून मुलांना प्रश्न विचारत होते. मास्तर त्यांच्यापुढे गेले, खाली बसले, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "आई, भूक लागली. भाकर दे." साहेब उठायला लागले तर मास्तरांनी त्यांचं धोतर घट्ट धरलं. सगळा वर्ग हसला. दवाखान्याच्या डॉक्टरांनी कागदावर एक इंग्रजी शब्द लिहिला, डेलिरियम. आठ दिवसांनी मास्तर खडखडीत बरे झाले. पण कागद वर गेला आणि वरून जो मराठी हुकूम आला त्यात त्या शब्दाच्या जागी 'बुद्धिभ्रंश' असं होतं. बुद्धिभ्रंश झालेल्या माणसाच्या हाती मुलं कशी द्यायची? नोकरी गेली. पाठोपाठ बायकोचा भाऊ आला आणि बहिणीला घेऊन गेला. मास्तरांचं डोकं ठिकाणावर आल्याची खात्री झाली की पाठवीन, म्हणाला. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. घरात ती दोघंच होती.

नोकरीबद्दल ते फारसं बोलत नसत. बायको परत यावी, एवढंच त्यांना हवं होतं. आणि त्यासाठी काय करायचं तर डॉक्टरांच्या त्या इंग्रजी शब्दाचं माहेर शोधायचं, असं त्यांनी ठरवलं. हे ऐकून कुणालाही हसू येईल. मलाही तेव्हा कळत नव्हतं. पण आज मी विचार करते, की ज्या एका शब्दानं माणसाचं घर उठवलं, तो शब्द आहे तरी कोण, हे बघावंसं त्याला वाटणारच.

त्यांच्याकडच्या कोशात नुसता अर्थ होता, तापातली बडबड, भ्रम. तो त्यांना पुरेना. म्हणून ते नंदुरबारला पायी जाऊन मिशनच्या पाद्रीसाहेबांना भेटले. साहेबांकडे मोठे कोश होते, लॅटिन म्हणून फार जुनी भाषा आहे, तीही साहेबांना येत होती. मास्तर तीन-चार खेपा गेले. शेवटच्या खेपेला परतले ते धावतच. आबा नांगर दुरुस्त करत ओट्यावर बसले होते. मी दाराआड होते.

"आबा, सापडलं! लिरा म्हणजे शेतातली ओळ. नांगरानं पाडलेली. आणि आधी जो डे आहे, तो म्हणजे तिच्यावरून सुटणं, बाजूला जाणं."

आबांनी करवत खाली ठेवली. "म्हंजे आउत तासना भाहेर गयं."

नांगराची किंवा पेरायच्या पाभरीची जी एक सरळ रेघ पडते, तिला आमच्याकडे तास म्हणतात.

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. "आबा, मला जे समजायला तीन महिने लागले ते तुम्हाला एका दमात कळलं."

"तेमा काय समजानं? रोजनं काम शे." आबांनी पुन्हा करवत उचलली. मग काही वेळानं म्हणाले, "पन मास्तर, आउत तासना भाहेर गयं म्हनीसन बैल येडा थोडाच व्हस? जरासा हाकारा, तो परत तासमा येस."

मास्तर ओट्यावर बसले आणि रडायला लागले. आबा गडबडले, मला पाणी आणायला सांगितलं. पाणी पिऊन मास्तर म्हणाले, "हेच मला कुणी म्हणायला हवं होतं."

त्यानंतर बरेच दिवस ते आनंदात होते. इंग्रजीत वाट सोडण्याचे पुष्कळ शब्द आहेत, असं ते मला बोटांवर मोजून सांगत. एक रस्त्यावरून खाली उतरण्याचा, एक नुसतं भटकत जाण्याचा, एक मध्य सुटण्याचा. "पण माझ्या वाट्याला आला तो शेतकऱ्याचा शब्द. डॉक्टरनं लिहिलं ते खोटं नाही. तापात मी तासाबाहेर गेलोच होतो. पण तासाबाहेर गेलेला परत येतो, हे त्या शब्दातच आहे. ज्यानं तो पहिल्यांदा वापरला त्यानं बैल पाहिले असणार." मला यातलं अर्धं कळायचं. पण माझ्याशी इतकं कुणी बोलायचं नाही, म्हणून मी ऐकत राहायची.

मग त्यांनी मेव्हण्यांना पत्र घातलं. आपण या, इथे चार दिवस राहा, मला डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा. मेव्हण्यांचं उत्तर आलं. अमुक दिवशी येतो. मास्तरांनी खोली सारवून घेतली. फुईनं सारवून दिली आणि वर दम दिला, "त्यासनामोरे ते पाढा नका म्हनू. आनि पाय बी नका दखू. सिधं चाला." मास्तर आज्ञाधारक मुलासारखे हो म्हणाले.

पेरणीचे दिवस होते. माझ्या आईला आठवा महिना चालू होता. तिच्या आधीचे दोन मुलगे गेले होते, त्यामुळे घरात सगळे जपून होते. आणि आमच्याकडे समजूत अशी, की पेरताना एखादं तास कोरं राहिलं तर घरातलं माणूस जातं. म्हणून पाभरीमागे चालणारी बाई फार सांभाळून बी सोडते. एवढं करूनही तास राहिलंच तर पाभर मागे फिरवत नाहीत. घरातल्या कुवार मुलीनं त्या जागी हातानं बी टाकायचं. ते पुरं होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, मान वर करायची नाही. बोलली तर भरलेलं तास फुकट गेलं, असं म्हणतात.

मेव्हणे यायला अजून दोन दिवस होते. त्या दिवशी आम्ही रस्त्याकडच्या वावरात बाजरी पेरत होतो. आबांनी पाभर धरली होती, फुई मागून बी सोडत होती. मास्तर धोतर खोचून, अनवाणी, बैलांच्या बाजूनं तासातून चालत होते. त्यांना बैल तासात कसे राहतात हे बघायचं होतं. आभाळ फाकलं, ऊन पडलं. मास्तरांनी सवयीनं छत्री उघडली. बैलांच्या डोळ्यांसमोर काळं काहीतरी फडफडलं आणि ते बुजले. एकदम बाजूला पळाले, पाभर ओढत नेली. आबा ओरडत मागे धावले. चाळीस-पन्नास पावलांवर बैल आपोआप वळले आणि पुन्हा ओळीत येऊन उभे राहिले. एकाची जुपणी, म्हणजे जुवाला बांधायची दोरी, तुटली होती.

मास्तर उघडी छत्री घेऊन बैलांमागे धावत होते आणि ओरडत होते, "बघितलंत आबा? गेले आणि आले! कुणी मारलं नाही, कुणी बांधलं नाही, आपण होऊन आले!"

"तुम्ही पहिले छत्री मिटा," आबा म्हणाले. "तुम्हले आनंद व्हयना, पन मन्हं तास ऱ्हायनं."

फुईनं कपाळाला हात लावला. "तास ऱ्हायनं रे भाऊ! घरमा दोन जीवनी बाई शे आनि तास ऱ्हायनं!" तिनं माझा हात धरला आणि ओच्यात बी ओतलं. "पोरी, भर. कोनी बी हाक मारी तरी बोलू नको. मान वर करू नको. तुन्ही मायना जीव शे हाऊ." आणि आईला बघायला ती घराकडे पळाली.

आबा आणि मास्तर जुपणी बांधायला बैल घेऊन वावराच्या पलीकडच्या टोकाला, लिंबाखाली गेले. मी बसून बोटानं माती उकरत, बी टाकत, माती सारत पुढे सरकू लागले.

रस्त्यावर टांगा थांबला होता, तो मी पाहिला नाही. मला आधी दिसले ते बूट. कुणीतरी काढून हातात धरलेले, आणि त्यांच्या शेजारी दोन गोरे अनवाणी पाय, ढेकळांवरून जपून येणारे.

"बाळ, ते छत्रीवाले मास्तर तुमच्याच घरी राहतात ना?"

मी बी टाकलं. माती सारली.

तो माणूस माझ्यासमोर उकिडवा बसला. आवाज चांगला होता त्याचा. रागावलेला नव्हता. "मी त्यांच्या बायकोचा भाऊ. मुद्दाम दोन दिवस आधी आलो, सांगितल्या दिवशी आलो असतो तर सगळं झाकून ठेवलं असतं. आत्ता टांग्यातून बघितलं मी, बैलांमागे ओरडत धावत होते ते. तू त्यांच्या घरातली. खरं सांग, बाळ. असेच असतात का ते? अंगावर धावून जातात का कुणाच्या?"

मी पुढे सरकले. तोही सरकला.

"माझी बहीण ट्रंक भरून बसली आहे. मी तार केली की ती उद्याच्या गाडीत बसेल. तू एवढंच सांग, बोलवू की नको?"

माझ्यापुढे अजून वीस-पंचवीस पावलं उरली होती. मी मनात म्हणत होते, थांबा, एवढं भरू द्या, मग सांगते. सगळं सांगते. मी जोरजोरात माती उकरायला लागले. नखात खडे जात होते. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते थेंब मातीत पडलेले त्यांना दिसले.

"घाबरलीस?" ते म्हणाले. "राहू दे. कळलं मला." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उठले.

त्यांचे पाय लांब जात राहिले. मी शेवटचं बी टाकलं, माती सारली आणि मान वर केली. ते टांग्यात चढत होते. टांगा वळत होता. आता माझं तोंड मोकळं होतं. थांबा, एवढंच ओरडायचं होतं. वाऱ्याची दिशाही त्यांच्याकडे होती, ऐकू गेलं असतं. पण अनोळखी पुरुषाला हाक मी जन्मात मारली नव्हती. मी उभी राहिले. टांगा गेला.

फुईच्या नियमावर मी पुष्कळ वर्षं ढकललं. पण नियम तास भरेपर्यंतचाच होता. पुढची चूक माझी.

संध्याकाळी मी मास्तरांना सगळं सांगितलं. रडत, अडखळत, पण सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तू आईसाठी केलंस. बरोबर केलंस." मी मोठ्यानं रडले तर म्हणाले, "अगं, मी पत्र लिहितो. समजेल त्यांना."

चार दिवस ते पत्र लिहीत होते. त्यात त्यांनी स्वतःबद्दल थोडंच लिहिलं, बाकी सगळं माझ्याबद्दल. ती मुलगी घाबरली नव्हती. तास राहिलं म्हणजे काय, ते हातानं भरताना का बोलायचं नाही, ती का रडली. मग ओघानं तास म्हणजे काय, लिरा म्हणजे काय, पाद्रीसाहेबांनी काय दाखवलं, बैल कसे गेले आणि कसे आले. बैलांची आकृतीसुद्धा काढली. बारा ताव झाले. आबांना वाचता येत नव्हतं, पण ती जाडी बघून ते अस्वस्थ झाले.

"मास्तर, मन्हं आयका. दोनच वळी लिखा. मी बरा शे, बायकोले धाडा. बस."

"दोन ओळींत खरं मावत नाही, आबा."

"खरं कोनले पाहिजे? त्यासले बहीन धाडानी का नही इतलंच पाहिजे."

मास्तरांनी बाराही ताव पाठवले.

उत्तराला एक कार्ड आलं. आपली प्रकृती समजली, यापुढे पत्र घालू नये. मास्तरांनी ते मला वाचायला दिलं. चौथीच्या मुलीला सहज वाचता येईल असं अक्षर होतं.

पुढच्या महिन्यात मला भाऊ झाला. जगला. फुई मला जवळ घेऊन म्हणाली, "तू मुकी ऱ्हायनी म्हनीसन हाऊ जगना." बारशाला ती मला पहिला पेढा द्यायला आली तर मी गोठ्यात जाऊन बसले. मास्तर बाळाला बघायला आले, त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

त्यांचा माझ्यावर राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. पण ते चालताना मागे बघेनासे झाले. मी समोर आले तरी छत्री टेकत सरळ निघून जायचे, कधी वाट सोडून काट्यांत गेले तरी त्यांना कळायचं नाही. सकाळी अंगणात उभे राहून पाढा म्हणणंही बंद पडलं. चार-पाच दिवस फुईनं पाहिलं. मग एका सकाळी ती स्वतःच त्यांच्या दारात गेली.

"मास्तर, आज नाव नही लिनं?"

"नाही, फुई."

"ल्या ना. मी काय बोलाव नही."

फुई परत येऊन चुलीपुढे बसली आणि विनाकारण लाकडं पुढे-मागे करत राहिली.

पावसाळा सरल्यावर मास्तर अक्राणीच्या डोंगरात गेले. धडगावच्या पुढे एका पाड्यावर मुलांना अक्षरं शिकवायला माणूस हवा होता आणि तिकडे जायला कुणी तयार नव्हतं. तिकडची मुलं पावरी बोलतात, त्यांचे शब्द अजून कुणी लिहून घेतले नाहीत, असं ते आबांना म्हणाले. आबांनी घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडीनं सोडलं. मला त्यांनी जाताना आपला इंग्रजी कोश द्यायला काढला होता. मी हात मागे घेतले. मग त्यांनी तो परत ट्रंकेत ठेवला.

तिसऱ्या पावसाळ्यात ते वारले. जंगलखात्याचा एक शिपाई नंदुरबारच्या बाजारात आबांना भेटला, त्यानं सांगितलं. हिवताप होता. शेवटचे दोन दिवस सारखे बोलत होते. काय बोलत होते ते जवळच्या पावरा माणसांना समजलं नाही. एका बाईचं नाव परत परत घेत होते, एवढं मात्र त्यांनी ओळखलं. आबांनी कार्ड आणलं आणि मी त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं. मास्तरांच्या सासुरवाडीचा पत्ता माझ्याकडेच राहिलेल्या त्या जुन्या कार्डावर होता. मी दोन ओळीच लिहिल्या. उत्तर आलं नाही.

त्याला आता वीसएक वर्षं झाली. मी लग्न होऊन शहाद्याला आले, मुलं झाली. आबा गेले, फुई गेली. हे मी मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे, कारण गेल्या संक्रांतीला जे झालं ते कुणाशी बोलता येण्यासारखं नाही.

आमच्याकडे हळदीकुंकू होतं. शेजारच्या बाईनं आपल्याबरोबर एक पाहुणी आणली. तिच्या जावेची कोणी लागत होती, जळगावकडची. पन्नाशीची असेल. किडकिडीत, नीटनेटकी, हिरव्या काठाचं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पाटावर बसली. मी तिला तिळगूळ दिला. बायका आपसांत बोलत होत्या, तुमचं माहेर कुठलं, तुमचं कुठलं. मी म्हटलं, कोरीट.

ती माझ्याकडे बघायला लागली. मग जरा पुढे सरकून हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या गावात फार पूर्वी एक मास्तर राहायचे. इंग्रजीचे. तुम्ही लहान असाल तेव्हा. छत्री असायची त्यांच्याकडे."

मी म्हटलं, "आमच्याच घरी राहायचे."

तिनं पदर सारखा केला. "खरंच भ्रमिष्ट होते का हो ते?"

"नाही," मी म्हटलं. पटकन म्हटलं. "कधीच नव्हते."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्यांना ताप आला तेव्हा मीच होते ना उशाशी. पण मला कुणी विचारलं नाही. भाऊ म्हणाला, चल, मी निघाले. मग म्हणाला, ट्रंक भर, ती भरली. मग म्हणाला, रिकामी कर." एवढं बोलून ती इकडेतिकडे बघून थोडीशी हसली, जास्त बोलल्यासारखं झालं म्हणून. आणि मग विचारलं, "पुढे कुठे गेले, काही कळलं का तुम्हाला? कुठे असतील आता?"

माझं कार्ड तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. भावानं दडवलं की टपालात हरवलं, देव जाणे. वीस वर्षं ती कपाळ भरून कुंकू लावत होती.

"डोंगरात गेले," मी म्हटलं. "धडगावकडे. मुलांना शिकवायला."

"तिकडची हवा वाईट म्हणतात."

मी हळदीकुंकवाचा करंडा उचलला.

"जपत असतील ना स्वतःला," ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

बाकीच्या बायका उठायला लागल्या होत्या. शेजारीण म्हणाली, "अहो, आमच्या पाहुण्यांना कुंकू लावा ना, निघायचंय." माझ्या हातात करंडा होता. सगळ्या बघत होत्या. तिनं डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

मी तिला हळद लावली. मग कुंकू लावलं. तिची ओटी भरली आणि तिला म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की या.